एमआरआय संशोधन केंद्र: आत जाण्याची मुभा आणि आत नेण्याची मुभा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या संस्थेत केवळ संशोधनासाठी 3 टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) एमआरआय स्कॅनर येतोय. सुरक्षा प्रशिक्षण आणि प्रवेशाचे नियम लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. तासाभराचा व्हिडिओ, शेवटी प्रश्नांची चाचणी आणि जो उत्तीर्ण होईल त्याला दाराचं कार्ड, असा आराखडा तुम्ही केलाय. प्राध्यापकांचा आग्रह आहे की सगळ्या विद्यार्थ्यांना कार्ड द्या, नाहीतर संध्याकाळची आणि सुट्टीच्या दिवशीची सत्रं होणारच नाहीत. एवढं प्रशिक्षण पुरेल का, आणि सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

बरीच वर्षं मी अशाच एका केंद्रात सुरक्षेची जबाबदारी सांभाळते आहे. तुमच्या व्हिडिओत काय आहे हे बघण्याआधीच मला एक गोष्ट खटकली. तुमचं एकच कार्ड दोन अगदी वेगळ्या परवानग्या देतंय. एक, स्वतः मॅग्नेटच्या, म्हणजे स्कॅनर असलेल्या, खोलीत जाण्याची. दुसरी, आणखी कोणाला तरी तिथे नेण्याची. पहिलीसाठी तासाभराचं प्रशिक्षण आणि एक फेरी चालून जाईल. दुसरीसाठी ते अजिबात पुरणार नाही. आणि जीव जातात ते बहुतेक दुसरीत.

सगळ्यांना माहीत असलेल्या तीन दुर्घटना घ्या. 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलाच्या स्कॅनच्या वेळी ऑक्सिजनची गरज पडली, घाईघाईत सिलिंडर खोलीत आलं, मॅग्नेटने ते खेचून घेतलं आणि मुलगा दगावला. 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं सांगण्यात आलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. 2025 मध्ये पुन्हा न्यूयॉर्क राज्यातच, स्कॅन संपल्यावर पत्नीला टेबलावरून उठवायला आत आलेल्या माणसाच्या गळ्यात व्यायामाची सुमारे 9 किलोची साखळी होती. तिन्ही वेळा कोणीतरी मदतीच्या भावनेनेच धावलं होतं, आणि लोखंड दारातून आत जाताना ते थांबलं नाही. असे नातेवाईक तुमचा व्हिडिओ कधीच बघणार नाहीत. त्यांच्या आणि मॅग्नेटच्या मध्ये जो माणूस उभा असेल, त्याचं प्रशिक्षण तुम्हाला लिहायचं आहे.

म्हणून आमच्याकडे माणसांचे तीन गट आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही साधारण हीच विभागणी आहे. पहिल्या गटात अप्रशिक्षित लोक: स्वयंसेवक (संशोधनासाठी स्वतःचं स्कॅन करू देणारे), पाहुणे, दुरुस्तीला आलेले, नवे विद्यार्थी. यांना कोणीतरी सोबत असल्याशिवाय आतल्या भागात पाऊल टाकता येत नाही. दुसऱ्या गटातल्यांनी मूलभूत प्रशिक्षण घेतलेलं असतं. ते स्वतःपुरते सुरक्षित असतात, पण दुसऱ्या कोणाची जबाबदारी घेऊ शकत नाहीत, स्वतःच्या मार्गदर्शकाचीसुद्धा नाही. तिसऱ्या गटातले लोक इतरांची तपासणी करून त्यांना आत नेऊ शकतात, आणि मॅग्नेटच्या खोलीचं दार फक्त यांच्याच कार्डाने उघडतं. दुसऱ्या गटाच्या कार्डाने कन्सोल रूमपर्यंत, म्हणजे जिथून स्कॅनर चालवतात तिथवर, पोचता येतं, तिथून पुढे नाही. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना एवढंच हवं असतं. आपला प्रयोग संगणकावर चालवायचा, उत्तरं नोंदवायची, बस्स.

जागेचीही चार भागांत विभागणी करा: सगळ्यांना मोकळा असलेला बाहेरचा भाग, स्वयंसेवकांशी बोलण्याची आणि कपडे बदलण्याची जागा, कुलूपबंद कन्सोलचा भाग आणि शेवटी मॅग्नेटची खोली. तिसऱ्या भागाचं दार आपोआप बंद होऊन आपोआप कुलूप लागणारं असावं. अंकांचा कोड असलेलं कुलूप टाळा, कारण कोड आठवड्याभरात सगळ्या मजल्याला पाठ होतो. एकाच्या कार्डावर दोघांनी आत शिरायचं नाही आणि कार्ड उसनं द्यायचं नाही हे लेखी असू द्या, आणि मोडणाऱ्याचं कार्ड त्याच दिवशी बंद करा. इथे प्राध्यापक आणि संचालकांनाही सूट नको. तुमचे नियम टिकणार की नाही ते पहिल्या महिन्यातच कळेल, एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाला प्रशिक्षणाशिवाय कार्ड नाकारायची वेळ येईल तेव्हा. संचालकांची सही त्याआधीच घेऊन ठेवा.

आता प्रशिक्षणात काय शिकवायचं. लोखंड खेचलं जातं हे सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे त्यावर अर्धा तास घालवू नका. जे माहीत नसतं ते असं: मॅग्नेट सतत चालू असतो. नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची गुंडाळी सुमारे उणे 269 अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेली असते. तिथे तारेचा विद्युतरोध शून्य होतो, आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. कन्सोल बंद केला, दिवे मालवले, इमारतीची वीज गेली तरी खोलीत 3 टेस्ला असतातच, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण 60,000 पट. आमच्या केंद्रात 'मशीन बंद आहे' असं म्हणायला मनाई आहे. स्कॅन थांबलं असेल तर 'स्कॅन थांबलंय' असंच म्हणायचं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे आणि ती समजावून सांगायला वेळ द्या. आजच्या मॅग्नेटना क्षेत्र आवरून धरणारी उलट्या दिशेची जादा गुंडाळी असते. त्यामुळे बाहेरचं क्षेत्र लहान जागेत मावतं आणि आजूबाजूच्या खोल्या वापरता येतात. पण क्षेत्र मावलं याचा अर्थ ते मॅग्नेटजवळ फार झपाट्याने चढतं. लोखंडाच्या वस्तूवरची ओढ क्षेत्र किती आहे यावर जशी अवलंबून असते, तशीच ते किती वेगाने बदलतंय यावरही असते. म्हणून खोलीच्या दारात खिशातल्या कात्रीला काहीच जाणवत नाही, दोन पावलांवर किंचित ओढ लागते, आणि त्याच्या पुढच्या पावलाला ती हातात राहत नाही. मधे सावध व्हायला वेळच मिळत नाही. 'जड वाटलं तर मागे फिरेन' असा विचार करणारा माणूस या खोलीत धोक्यात असतो. जमिनीवर आखलेली 5 गॉसची (10,000 गॉस म्हणजे 1 टेस्ला) रेषा, किंवा नव्या मानकांनुसार 9 गॉसची, ही पेसमेकरसारखी उपकरणं असलेल्यांसाठीची मर्यादा आहे. ओढीचा धोका तिथून सुरू होतो किंवा तिथे संपतो असं कोणी समजू नये.

उरलेले दोन धोके स्कॅन चालू असतानाचे. ग्रेडियंट कॉइलमुळे (स्कॅनच्या वेळी चुंबकीय क्षेत्र भराभर बदलणाऱ्या गुंडाळ्या) आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, म्हणून स्वयंसेवकाच्या कानात बोळे आणि वर हेडफोन, आणि स्कॅन चालू असताना जो कोणी खोलीत थांबेल त्यालाही तेच. रेडिओ लहरींमुळे शरीर तापतं. तापण्याची सर्वसाधारण मर्यादा, संपूर्ण शरीरासाठी किलोमागे 2 वॉट, स्कॅनर स्वतः सांभाळतो. पण स्थानिक चटका तो ओळखू शकत नाही. उघड्या मांडीवर टेकलेला हात, एकमेकांना चिकटलेल्या पोटऱ्या, छातीवरून वळसा घेऊन गेलेली केबल, स्कॅनरच्या बोगद्याच्या भिंतीला टेकलेलं कोपर, यातून लोक भाजलेले आहेत. चांदीचे धागे विणलेले खेळाचे कपडे हे आणखी एक कारण, आणि ते कपड्यावरच्या लेबलवर नेहमी लिहिलेलं नसतं. त्यामुळे आमच्याकडे स्वयंसेवक अंतर्वस्त्रांखेरीज स्वतःचे कोणतेही कपडे घालून आत जात नाही. केंद्राचे, बिनखिशाचे कपडे घालायचे. यावर कुरकुर होते. होऊ द्या.

इथवर व्हिडिओत बसेल. चाचणीही ठीक आहे, मात्र पाठ करून पास होता येणार नाही असे प्रश्न घाला. यानंतर प्रत्येकाला एकदा मॅग्नेटच्या खोलीत प्रत्यक्ष फिरवा, आपत्कालीन बटणं बोट लावून दाखवायला सांगा. काही केंद्रांत दोरीला बांधलेली लोखंडी चकती जवळ नेऊन ओढ दाखवतात. यावर मतभेद आहेत. मला ते प्रात्यक्षिक उपयोगी वाटतं, पण ते सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः करावं, आणि 'हे तुम्हीही करून बघा' असा संदेश त्यातून जाऊ नये.

तिसऱ्या गटासाठी मात्र मी अनुभवी माणसाच्या नजरेखाली सत्रं घ्यायला लावते. किती, ते आकड्यात बांधू नका. एखाद्याला चार पुरतात, एखाद्याला दहा. माझी कसोटी अशी: हा माणूस दारात कोणाला थांबवू शकतो का? म्हणून प्रशिक्षणात मी नाटक घडवते. कोणीतरी प्राध्यापक बनून येतो, सोबत दोन पाहुणे, 'पाचच मिनिटं दाखवतो, फॉर्म नंतर भरू'. कोणी घाबरलेला नातेवाईक बनून पळत येतो. विद्यार्थ्याने पाहुण्यांना अडवायचं, आवाज चढवायचा, गरज पडली तर दारात आडवं उभं राहायचं. सगळं पुस्तकी ज्ञान असलेली हुशार मुलं इथे अडखळतात, कारण वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायची सवय नसते. ती सवय लागेपर्यंत मी तिसऱ्या गटाचं कार्ड देत नाही. आणि अशा नकाराबद्दल विद्यार्थ्याला कोणी नंतर बोललं, तर प्रकरण माझ्याकडे येईल हे मी त्यांच्यासमोर सांगते.

स्वयंसेवकांची तपासणी हा तिसऱ्या गटाच्या कामाचा गाभा आहे, आणि संशोधन केंद्राचं गणित इथे रुग्णालयापेक्षा वेगळं पडतं. रुग्णाला स्कॅनचा फायदा असतो, त्यामुळे डॉक्टर थोडा धोका तोलून पत्करू शकतात. आपल्या स्वयंसेवकाला स्कॅनमधून काहीच मिळणार नसतं. म्हणून शंका आली की स्कॅन नाही, एवढा साधा नियम ठेवा. ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो. रुग्णालयात अशा वेळी डोळ्याचा एक्स-रे काढून बघतात. आम्ही एक्स-रेच्या मागे न लागता आभार मानून त्यांना परत पाठवतो.

इम्प्लांटच्या बाबतीत 'माझं टायटॅनियमचं आहे, डॉक्टर चालेल म्हणाले' हे उत्तर पुरेसं नाही. मॉडेलचं नाव आणि उत्पादकाच्या अटी हातात हव्यात. 'अटींसह सुरक्षित' या वर्गातल्या अटी ठराविक टेस्लासाठी, शरीराच्या ठराविक भागासाठी आणि ठराविक तापण्याच्या मर्यादेसाठी असतात. पुष्कळांना वाटतं की 3 टेस्लाला चालणारं उपकरण 1.5 ला चालणारच. तसं नसतं. 1.5 टेस्लाला रेडिओ लहरींची वारंवारता सुमारे 64 मेगाहर्ट्झ असते, 3 टेस्लाला सुमारे 128. शरीरात अर्ध्या तरंगलांबीच्या आसपासची तार सगळ्यात जास्त तापते, आणि ती लांबी पहिल्या ठिकाणी साधारण 26 सेंटिमीटर, दुसऱ्या ठिकाणी साधारण 13 येते. म्हणजे एखादी तार मोठ्या मॅग्नेटमध्ये निभावून जाईल आणि लहान मॅग्नेटमध्ये भाजेल. असा निर्णय कार्डधारक विद्यार्थ्यावर सोडू नका. तो सुरक्षा अधिकाऱ्याचा आणि त्याच्या वरच्या डॉक्टरांचा.

फॉर्म दोनदा भरून घ्या, नोंदणीच्या वेळी फोनवर आणि स्कॅनच्या दिवशी समोरासमोर. दुसऱ्यांदा प्रश्न वाचून दाखवा आणि शब्द बदलून विचारा. 'शस्त्रक्रिया झाली आहे का?' ला 'नाही' म्हणणारा माणूस 'कधी भूल दिली होती का?' ला 'हो, लहानपणी' म्हणतो. हे बोलणं एकांतात व्हावं, मित्रमैत्रिणींसमोर नको, कारण गर्भनिरोधक साधन, शरीरावर टोचून घेतलेला दागिना, गर्भारपण या गोष्टी लोक चारचौघांत लपवतात. कायम टिकणारा मेकअप, चुंबकाच्या पापण्या, त्वचेवर चिकटवलेली औषधाची पट्टी, हेही नाव घेऊन विचारा. आणि मानधनाचा नियम असा करा की तपासणीत नापास झालेल्यालाही आल्याबद्दल पैसे मिळतील. नाहीतर पैशाची गरज असलेला विद्यार्थी एखादी गोष्ट सांगायचं टाळेल, आणि दोष आपल्या नियमाचा असेल.

संशोधन केंद्रात आणखी एक धोका असतो जो रुग्णालयात सहसा नसतो: घरी बनवलेली उपकरणं. बटणांचा बॉक्स, ईईजीची (मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी) टोपी, डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा, कोणीतरी प्रयोगशाळेत जोडलेला सेन्सर. खोलीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर चिन्ह हवं: हिरवा चौकोन सुरक्षित, पिवळा त्रिकोण अटींसह, लाल वर्तुळ मनाई. चिन्ह नसलेली वस्तू आत जाणार नाही. 'चुंबक चिकटत नाही' म्हणजे सुरक्षित असं होत नाही, कारण तांब्याची तार चुंबकाला चिकटत नाही, पण रेडिओ लहरींत तापते. नवी वस्तू सुरक्षा अधिकाऱ्यानेच तपासावी आणि नोंद ठेवावी. नंतर कोणी आतली बॅटरी किंवा स्क्रू बदलला तर तपासणी पुन्हा.

आपत्कालीन प्रसंगांसाठी तीनच गोष्टी पक्क्या करा, जास्त सांगितल्या तर ऐन वेळी एकही आठवत नाही. स्वयंसेवकाचं हृदय थांबलं तर आधी त्याला खोलीबाहेर काढायचं, दार बंद करायचं आणि मग उपचार. बाहेरून धावत येणाऱ्या पथकाच्या हातात सिलिंडर, कात्र्या, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असतो आणि दाराकडे बघायला त्यांना फुरसत नसते. दुसरी गोष्ट, क्वेंचचं बटण. ते दाबलं की हेलियम उकळून पाइपमधून इमारतीबाहेर जातो आणि चुंबकीय क्षेत्र उतरतं, पण क्षणात नाही, त्याला मिनिटभर किंवा जास्त लागू शकतो. ते फक्त एखादा माणूस मॅग्नेटला चिकटून अडकला असेल तेव्हाच. खुर्ची चिकटली, आग लागली, कोणी बेशुद्ध पडलं, यांपैकी कशासाठीही विद्यार्थ्याने ते दाबायचं नाही. आग लागली तर आधी सगळे बाहेर आणि मग सुरक्षा अधिकाऱ्याला फोन. तिसरी, ऑक्सिजनच्या पातळीचा भोंगा वाजला की चर्चा न करता बाहेर. एक लिटर द्रव हेलियमचा 700 लिटरहून जास्त वायू होतो. पाइप तुंबला तर तो खोलीत भरतो आणि श्वास घ्यायला हवा उरत नाही. तुमच्या मॅग्नेटमध्ये हेलियम किती आहे ते उत्पादकाला विचारा. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेटमध्ये हजाराहून जास्त लिटर असतो, काही नव्या बंदिस्त रचनांमध्ये फक्त 7 लिटर, त्यामुळे हा भाग तुमच्याकडे किती गंभीर आहे हे त्यावर ठरेल.

सफाई कर्मचारी आणि रक्षकांना व्हिडिओ दाखवून भागणार नाही. त्यांना दारापाशी नेऊन, त्यांच्या भाषेत, समोर बसून सांगा. मॅग्नेटच्या खोलीची सफाई फक्त ठराविक दोघांनी, केंद्राच्याच प्लास्टिकच्या साहित्याने, तिसऱ्या गटातला माणूस हजर असताना करावी. रात्रीच्या रक्षकाच्या जुडग्यात या भागाची किल्ली असू नये. रक्षकाच्या कमरेला बॅटरी, दंडुका, किल्ल्या असतात, आणि भोंगा वाजला की आत धावणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. अग्निशमन दलाला आधीच बोलावून जागा दाखवून ठेवा. आजवर मला सगळ्यात चांगले प्रश्न सफाईच्या बायकांनी विचारलेत, त्यामुळे या बैठका उरकून टाकू नका.

संध्याकाळच्या सत्रांबद्दल प्राध्यापकांची अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे तिसऱ्या गटात पुरेशी माणसं तयार करणं, सगळ्यांना कार्ड वाटणं हा उपाय नव्हे. आमचा नियम: माणसाचं स्कॅन करताना दोन प्रशिक्षित माणसं, त्यांतलं किमान एक तिसऱ्या गटातलं. एकटं कोणीही, अगदी स्वतःच्या प्रयोगाची चाचणी म्हणून मित्राचंसुद्धा, स्कॅन करणार नाही. तुमच्याकडे पूर्णवेळ टेक्नॉलॉजिस्ट असेल तर तिसरा गट लहान ठेवता येईल. विद्यार्थीच स्कॅनर चालवणार असतील तर तो मोठा लागेल आणि त्याच्या प्रशिक्षणाला वेळ आणि पैसा लागेल. केंद्र रुग्णालयाच्या आवारात असेल तर आपत्कालीन पथकाचे नियम त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागतील. हे मी इथून ठरवू शकत नाही.

नूतनीकरण दरवर्षी. शिवाय सहा महिने स्कॅन न केलेल्याचं कार्ड आपोआप बंद होऊन पुन्हा देखरेखीखालचं एक सत्र. दुसऱ्या केंद्रात अनुभव घेतलेल्यांचा व्हिडिओ माफ करा हवं तर, पण दारावरचं नाटक आणि तुमच्या खोलीची फेरी माफ करू नका, कारण बटणं, दारं, फोन सगळं वेगळ्या जागी असतं. थोडक्यात चुकलेल्या घटनांची वही ठेवा: खिशात सापडलेला मोबाइल, दारातून परत पाठवलेली चाकांची खुर्ची. नोंद करणाऱ्याला शिक्षा नाही, हे लेखी द्या.

शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. मॅग्नेट येऊन बसेपर्यंत महिनोन्महिने त्या खोलीत सुतार, इलेक्ट्रिशियन, वातानुकूलनवाले शिड्या आणि हत्यारांसकट बिनधास्त ये-जा करत असतात. मग एके दिवशी क्षेत्र चढवलं जातं, खोली दिसायला तशीच राहते आणि त्यांच्या सवयीही तशाच राहतात. तुमचे नियम पहिल्या स्वयंसेवकाच्या दिवसापासून लागू होणार असं मसुद्यात दिसतंय. ते क्षेत्र चढवण्याच्या दिवसापासून लागू करा. त्या सकाळी बांधकामाच्या काळातली सगळी कार्डं रद्द करा, कुलूप बदला, ठेकेदारांकडच्या किल्ल्या सही घेऊन परत घ्या, आणि पहिले काही दिवस दारात तिसऱ्या गटातला एक माणूस बसवा.